सर, जुना कॉम्प्युटर आधी उघडा

पत्र थोडक्यात: लिहिणारे ६४ वर्षांचे आहेत, सांगली जिल्ह्यात राहतात, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेत. तरुणपणी ट्रान्झिस्टर रेडिओ जोडायचे, गल्लीतले बिघडलेले दुरुस्तही करायचे. घरात २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा. त्यावर विंडोज ११ चढत नाही आणि विंडोज १०चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून नवा घ्यायचाय. कामं अशी: शाळेच्या शताब्दीसाठी जुने फोटो स्कॅन करणं, मराठी टायपिंग, व्हिडिओ कॉल, आणि नातू सुट्टीत आला की त्याचे गेम. सरांना सुटे भाग आणून कॉम्प्युटर स्वतः जोडायचाय. यादी तयार आहे, बेरीज ४१ हजार. तेवढ्याच ताकदीचा ब्रँडेड ४५ हजारांना मिळतो. मुलगा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो, "बाबा, नसता उद्योग कशाला? मी ब्रँडेड ऑर्डर करतो." पत्नी म्हणतात, लॅपटॉप घ्या, टेबल तरी मोकळं राहील. तालुक्याच्या गावातला दुकानदार सरांचा जुना विद्यार्थी, तो म्हणतो, "सर, तुम्ही यादी द्या, दोन तासांत जोडून घरी आणून देतो." सर विचारतात, चार हजार वाचत असताना मी चुकतोय का?

सर, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा यादी बघितली, दुसऱ्यांदा मजकूर. चार पानांच्या पत्रात चार हजारांचा उल्लेख तीन वेळा आलाय, आणि प्रत्येक वेळी तो मुलाचं बोलणं सांगून झाल्यावर लगेच आलाय. रेडिओबद्दल मात्र तुम्ही दीड पान लिहिलंय, तिथे पैशाचं नावसुद्धा नाही. तेव्हा आधी तो चार हजारांचा हिशोब उरकून टाकू, कारण तो टिकत नाही.

तुमच्या यादीत प्रोसेसर आहे इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ. शेवटचं ते एफ अक्षर बघा. त्याचा अर्थ या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नाही. यादीत वेगळं ग्राफिक्स कार्डही नाही. म्हणजे सगळं बिनचूक जोडून तुम्ही बटण दाबलं असतं, पंखे फिरले असते, दिवा लागला असता आणि स्क्रीन काळी ती काळीच. मग पुढचे दोन दिवस तुम्ही केबल तपासत बसला असता आणि मुलगा फोनवर "मी सांगत होतो ना" म्हणाला असता. बिनएफचा १२४०० घ्या, तो थोडा महाग पडतो. एएमडीकडे, म्हणजे इंटेलच्या स्पर्धक कंपनीकडे, जायचं झालं तर जुन्या एएम-फोर सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) शेवटी जी असलेला घ्या, ५६००जी वगैरे. नव्या एएम-फाइव्हवरच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकेत कामापुरतं ग्राफिक्स असतं, तिथेही एफवाले वगळून.

दुसरी ओळ: "कॅबिनेट, एसएमपीएससह." त्या "सह"मध्ये गोम आहे. एसएमपीएस म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरच्या भागांना लागेल तशी करून पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण तो हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. आत तांबं नाही, लोखंड नाही, नुसती हवा. तुमच्याकडे पावसाळ्यात वीज कशी येते-जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. कॅबिनेट स्वस्तातलं चालेल, एसएमपीएस वेगळा आणि नावाजलेल्या कंपनीचा घ्या, ८०-प्लसचा (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का असलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये पैसे वाचवायला सगळ्यात वाईट जागा हीच.

तिसरी ओळ यादीत नाहीच, विंडोजची. तुमचा विद्यार्थी "टाकून देतो सर" म्हणाला असेल. कसलं टाकून देणार ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. ब्रँडेड मशीनच्या किमतीत विंडोजचा खरा परवाना धरलेला असतो, पुष्कळदा ऑफिसही. सुटा परवाना सरळ मार्गाने विकत घेतला की तुमचे चार हजार तर जातातच, वर खिशातून घालावे लागतात.

आणखी एक. २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भलतेच चढलेत. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्यांच्या कारखान्यांतून निघते, आणि त्यांचा माल आता एआयच्या सर्व्हरांकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रूशियल या नावाने होणारी किरकोळ ग्राहकांची विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. असे भाव चढतात तेव्हा पहिली झळ सुट्या भागांना लागते. मोठ्या कंपन्यांनी माल आधीच उचलून ठेवलेला असतो, त्यांच्या तयार मशीनची किंमत मागाहून वाढते. त्यामुळे तुमच्या यादीतला रॅमचा आकडा कधीचा आहे ते पाहा. महिन्याभरापूर्वीचा असेल तर तो खोडून नवा विचारा. एसएसडीचंही (हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान डिस्कचंही) तेच.

एकूण काय, स्वतः जोडून तुमचे पैसे वाचत नाहीत. तुमच्या कामाच्या मशीनमध्ये तर नाहीच. पैसे खरे वाचतात ते महागड्या मशीनवर. ज्याला व्हिडिओ एडिटिंग करायचंय, थ्री-डी करायचंय, दीड-दोन लाखांचा खर्च आहे, त्याला स्वतः निवडून घेण्यात फायदा असतो, कारण ब्रँडवाले नेमके दिसणाऱ्या भागावर खर्च करतात आणि न दिसणाऱ्यावर हात आखडतात.

आता तुमचं दुसरं गृहीतक. "पुढे लागेल तसे भाग बदलता येतात." येतात की. पण सर, २०१४पासून आजपर्यंत तुम्ही जुन्या कॉम्प्युटरमधलं काय बदललंत? तुम्हीच लिहिलंय: एकदा कीबोर्ड, चहा सांडला म्हणून. मशीन रखडायला लागलं तरी त्यात साधी एसएसडी टाकली नाहीत. बहुतेक माणसं अशीच असतात, मीसुद्धा. शिवाय "पुढे बदलू" हे प्रोसेसरच्या बाबतीत सॉकेटवर अवलंबून असतं. तुमच्या यादीतला बोर्ड इंटेलच्या एलजीए १७००चा, त्यावर बारावी ते चौदावी पिढी बसते आणि तिथे रस्ता संपतो. त्यानंतर इंटेलने सॉकेट बदललं. एएमडीचं एएम-फाइव्ह २०२२मध्ये आलं आणि निदान २०२७पर्यंत ते चालवू असं कंपनीने म्हटलंय. बदलण्याची हौस खरीच असेल तर तिकडे जा. नसेल तर आहे तो बोर्ड चांगला आहे. फक्त तो डीडीआर-फोर रॅमचा आहे की डीडीआर-फाइव्हचा ते बघा (नावात पुष्कळदा डी-फोर असं असतं) आणि रॅम त्याच जातीची घ्या. डीडीआर-फाइव्हची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावला तरी बसत नाही, आणि जोर लावायचाही नाही.

तिसरं गृहीतक जरा नाजूक आहे. तुम्ही लिहिता, "रेडिओ जोडलेल्या माणसाला हे काय अवघड?" जोडायला अवघड नाहीच. खरं सांगायचं तर रेडिओपेक्षा सोपं आहे, डाग द्यायचा नाही, रेझिस्टरचे रंग वाचायचे नाहीत. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी बाजारात मिळणाऱ्या भागांतून बनवला आणि त्याची रचना लपवली नाही, तेव्हापासून वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना बसायला लागले. बोर्डाला कॅबिनेटमध्ये कुठे स्क्रू मारायचे त्या भोकांच्या जागासुद्धा १९९५च्या एटीएक्स प्रमाणानुसार अजून त्याच आहेत. जोडणं म्हणजे दोन-तीन तासांचं काम. प्रश्न येतो तो जोडल्यावर मशीन सुरू झालं नाही तर.

माझंच सांगते. २००३ साली कॉलेजात असताना हट्टाने पहिला कॉम्प्युटर जोडला. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर दिवसभर फिरले, चार दुकानांतून चार भाग घेतले, लोकलच्या गर्दीत कॅबिनेट डोक्यावर धरून घरी आले. रात्री बारा वाजता बटण दाबलं. पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धी गिरकी. रॅम काढली, घातली. केबल काढल्या, घातल्या. बिघाड कुठल्या भागात आहे ते कळायला त्या जागी दुसरा चांगला भाग लावून बघावा लागतो, आणि माझ्याकडे प्रत्येक भाग एकच होता. दुसऱ्या दिवशी सगळं गाठोडं घेऊन परत दुकानात. तिथल्या पोऱ्याने टेबलाचा खण ओढला, त्यात दहा-बारा रॅम, तीन-चार एसएमपीएस, जुने बोर्ड, सगळं पडलेलं. पण त्याला काहीच बदलावं लागलं नाही. त्याने माझा बोर्ड उचलला, खाली बघितलं आणि विचारलं, "खुंट्या कुठायत?" बोर्डाखाली पितळेच्या छोट्या खुंट्या लावायच्या असतात, म्हणजे बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकत नाही. माझ्या त्या पिशवीतच राहिल्या होत्या. बोर्ड सरळ पत्र्यावर ठेवून मी स्क्रू आवळले होते. जळला नाही हे नशीब.

त्या पोऱ्याला माझ्यापेक्षा फार जास्त येत होतं असं नाही. त्याच्याकडे तो खण होता. घरी जोडणाऱ्याकडे तो नसतो. ब्रँडेड घेतला तर तो खण कंपनीचा माणूस पिशवीत घालून घरी आणतो (तुमच्या पिनकोडला घरी येऊन सेवा मिळते का, ते मात्र आधी विचारा, जाहिरातीत "ऑनसाइट" लिहिलेलं असतं आणि माणूस तालुक्यापुढे येत नाही). सुट्या भागांची वॉरंटी खरं तर जास्त असते: प्रोसेसरला साधारण तीन वर्षं, एसएसडीला तीन ते पाच, रॅमला पुष्कळदा दहा वर्षं किंवा कायमची. पण ती सहा बिलांवर, सहा कंपन्यांकडे, आणि कुठला भाग गेलाय ते तुम्ही ओळखून न्यायचं.

मुलाचं म्हणणं मला इथून दिसतं. तुम्हाला जमणार नाही असं त्याला वाटत असेल असं मला वाटत नाही. रात्री साडेदहाला तुमचा फोन येईल, "अरे, तीनदा बीप वाजतंय", आणि तो पुण्यात बसून काही करू शकणार नाही, ही त्याची धास्ती असणार. आयटीतल्या मुलांना घरचे सगळे हार्डवेअरवाले समजतात, हा त्या जातीचा जुना त्रास आहे. त्याला एकदा सांगून टाका, फोन तुला करणार नाही. पण मग कुणाला करणार, ते आधी ठरवा.

ते ठरवायला तुमच्याकडे तालुक्याला एक माणूस आहे, ज्याच्याकडे तो खण आहे आणि जो तुम्हाला सर म्हणतो. त्याला यादी देऊन मोकळे होऊ नका. त्याला सांगा, भाग सगळे तुझ्याकडूनच घेतो, पक्कं बिल दे, बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिही. जोडणार मात्र मी. तुझ्या दुकानात, तुझ्या टेबलावर, दुपारी गिऱ्हाईक कमी असताना. तू शेजारी बसायचंस आणि मी विचारल्याशिवाय बोलायचं नाहीस. वर्गात इतकी वर्षं तुम्ही त्याला हेच केलं असणार, "आधी स्वतः कर, मग विचार." आता त्याची पाळी. असं केलं की ऑनलाइनपेक्षा कदाचित हजार-दोन हजार जास्त जातील. ते त्या खणाचं भाडं समजा.

त्याआधी एक काम करा, आणि माझ्या सगळ्या उत्तरात हेच मला महत्त्वाचं वाटतं. जुना कॉम्प्युटर उघडा.

उघडण्याआधी त्यातले सगळे फोटो आणि मजकूर एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. झाल्यावर उघडून बघा की ते खरंच उतरलेत. मग प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, झाकण उघडा. नुसता धूळ झाडायला उघडायचा नाही, सगळा सुटा करायचा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. केबल, रॅम, हार्ड डिस्क, मग प्रोसेसरवरचा पंखा. त्या पंख्याला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, वर बाण असतो, बाणाच्या दिशेने फिरवून ओढल्या की सुटतात. खाली वाळलेली राखाडी पेस्ट (थर्मल पेस्ट, प्रोसेसरची उष्णता वर नेणारी) दिसेल, ती कापडाने पुसा. खटका उचलून प्रोसेसर बाहेर काढा, कडांना धरून. सॉकेटमध्ये केसाएवढ्या पिना दिसतील, त्यांना बोट लावायचं नाही. एक वाकली तरी बोर्ड गेला. मग पुन्हा सगळं जागच्या जागी. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर. दोन्ही जुळवून ठेवायचा, आपोआप बसतो. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. पंख्याच्या खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या. रॅम दोन्ही टोकांना टक वाजेपर्यंत.

सगळ्यात वैताग पुढच्या बटणाच्या तारांचा. पॉवर, रीसेट, दिवे यांच्या इवल्या टोप्या, आणि बोर्डावरची अक्षरं डासाच्या पायाएवढी. चाळिशी लावूनही दिसत नाहीत. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, आणि डोक्याला बांधायचा दिवा असेल तर उत्तम.

जोडून झाल्यावर जुना कॉम्प्युटर सुरू झाला, तर नवा नक्की जोडाल. इंटेलच्या नव्या बोर्डावरही हीच रीत आहे, खटका तसाच, कंपनीच्या पंख्याच्या खुंट्याही तशाच. सुरू नाही झाला, तर काय निसटलं ते शोधण्यात दोन दिवस घालवा. ते दोन दिवस तुम्हाला आवडले की नकोसे झाले, ते तुमचं तुम्हाला कळेलच. नकोसे झाले तर ब्रँडेड घ्या आणि मुलाला आनंदाने ऑर्डर करू द्या, त्यात काही कमीपणा नाही. या सगळ्याला खर्च एका पेस्टच्या नळीचा.

एक ताकीद, खास तुमच्यासाठी. रेडिओवाल्या माणसाचे हात शिवशिवतात. एसएमपीएस उघडायचा नाही. जुना नाही, नवा नाही, "बघू तरी आत काय आहे" म्हणूनही नाही. आतल्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही बराच वेळ तीनशे व्होल्टांच्या घरात भार राहतो. तुमचा ट्रान्झिस्टर सेलवर चालत होता.

आणि हो, हा सुटा केलेला जुना कॉम्प्युटर परत जोडताना त्यात एक साधी साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी) घालून टाका आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट चढवा, ते फुकट आहे. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखं दिसणारं, मराठी टायपिंग त्यावर नीट होतं, व्हिडिओ कॉल होतात. तुम्ही मला हे विचारलं नव्हतंत, पण विचारायला हवं होतं: विंडोज ११ चढत नाही म्हणजे मशीन मेलं असं नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची हार्डवेअरमधली सोय) लागतं आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप लागते, एवढीच अट तुमच्या मशीनला पुरी करता येत नाही. स्कॅनर लिनक्सला ओळखतो का ते मात्र आधी तपासा. आणि तुमचा जुना मजकूर युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फॉन्टमध्ये असेल तर तो विंडोज आहे तोवर युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर नव्या मशीनवर सगळं गिचमीड दिसेल. कदाचित हे सगळं झाल्यावर तुम्हाला नव्याची घाईच उरणार नाही. रॅमचे भाव बघता थोडं थांबणंही शहाणपणाचं आहे. तोवर विंडोज १०वरच राहायचं तर मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळवण्याची सोय ठेवली आहे, सेटिंगमध्ये जाऊन तिथे नाव नोंदवावं लागतं.

नातवाच्या गेमसाठी ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. वर्षातले वीस-पंचवीस दिवस तो येणार, त्यातले निम्मे दिवस बाहेर हुंदडणार. बोर्डावर कार्डाची खाच असतेच, एसएमपीएस दमदार घेतला असेल तर कार्ड कधीही लावता येईल. कुणी सांगावं, तेव्हा तोच लावेल तुमच्यासमोर.

अशीच पत्रं आणखी काही जणांची आली आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. ज्यांचं पोट कॉम्प्युटरवर आहे, म्हणजे झेरॉक्सचं दुकान, टायपिंग, सीएचं ऑफिस, त्यांनी ब्रँडेड घ्यावा, आणि एकाऐवजी दोन घेता आले तर दोन. एक दिवस मशीन बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद, तिथे हौस परवडत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक घाला, १८ टक्के कराची वजावट मिळते. कच्च्या बिलावर ती जाते. मात्र ब्रँडेड उघडून वाढवायचा विचार असेल तर घेण्याआधी आतला फोटो बघा. काही कंपन्या एसएमपीएस आणि बोर्ड आपल्याच मापाचे करतात, पाच वर्षांनी एसएमपीएस गेला की बाजारातला बसत नाही. कमी बजेटवाल्यांनी ऑफिसांमधून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप बघावेत, आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे, दुकानाची निदान सहा महिन्यांची लेखी हमी घेऊन. दिसायला मळकट असतात, कामाला चोख. आणि गेमिंगसाठी घरच्यांकडे हट्ट धरणाऱ्या मुलामुलींनी वर सरांना सांगितलेली परीक्षा आधी द्यावी: घरातलं जुनं मशीन सुटं करून परत चालू करून दाखवा, मग यादी पुढे करा.

सर, तुम्हाला आणखी एक. नवा जोडाल तेव्हा पहिल्यांदा सुरू करताना कॅबिनेटमध्ये घालूच नका. बोर्डाच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोर्ड ठेवा, प्रोसेसर, पंखा, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएसच्या दोन केबल: मोठी चोवीस पिनांची आणि वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची. ही दुसरी सगळे विसरतात. स्क्रीनवर बायोसचं (विंडोजच्याही आधी येणाऱ्या सेटिंगचं) पान दिसलं की बंद करून मग कॅबिनेटमध्ये बसवा. खोके फेकू नका, वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. घरच्या प्लगचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, सहाशे व्हीएचा तरी यूपीएस घ्या आणि त्यावर लेझर प्रिंटर लावू नका.

फोटोंची एक प्रत पुण्याला मुलाकडे असू द्या. २०१९चा पूर तुम्ही पाहिलाय. शंभर वर्षांचे फोटो एकाच घरात एकाच डिस्कवर ठेवायचे नसतात. त्याला हे काम द्या, तो हरखेल.

राहता राहिलं टेबल. काकूंशी आधीच बोलून घ्या, आणि "एका संध्याकाळचं काम आहे" असं सांगू नका. चार दिवस सांगा. रेडिओच्या वेळी काय सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात असणार.